ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन: विमानाचा वेळ कागदावर काढा

ॲप नंतर, आधी पेन्सिल. वर्गातही मी हेच सांगते. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९.६८ उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्याच स्वालबार्ड या आर्क्टिक बेटसमूहातलं लाँगयिअरब्येन ७८.२५ वर. फरक ८.५७ अंश, अंशाला १११ किलोमीटर धरले की ९५१. रेखांशांतही साडेतीन अंशांचा फरक आहे, पण इतक्या उत्तरेला रेखांश एकमेकांना अगदी खेटलेले. पाच-सहा किलोमीटरच वाढतात. ताशी ८०० ने भागा, चढण्या-उतरण्याची पंचवीसेक मिनिटं मिळवा. दीड-पावणेदोन तास. घड्याळ तेच राहतं. व्हिसाचं मात्र बघा: स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपीय देशांच्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर परतायला दुबार प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो.