फॉन्टचं वर्णन कोडात कसं तपासावं आणि एकसारखं कसं करावं

माझ्या एका छोट्या ॲपच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या रकान्यात एकाने ‘बालू २’ एवढंच लिहून सेव्ह केलं आणि सगळा मेनू मुंग्यांच्या रांगेसारखा दिसायला लागला. इतका बारीक, की सेटिंग परत बदलायला तरी मेनू वाचता यावा ना! बालू २ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट, त्यातला २ नावाचाच भाग. अक्षरं मांडणाऱ्या पँगो या लायब्ररीने मात्र अर्थ लावला: फॅमिली (म्हणजे फॉन्टचं नाव) बालू, साइज २ पॉइंट.

जीटीके या टूलकिटवर (खिडक्या-मेनू बनवायच्या साधनांवर) बांधलेली ॲप्स अक्षरं मांडायला पँगो वापरतात. त्यात फॉन्टचं वर्णन एका ओळीत असतं: आधी फॅमिली, मग बोल्ड-इटॅलिकसारखे शब्द, शेवटी साइज. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय; कोडात नावं आणि आकडे रोमनच.) गोम अशी की ही ओळ वाचणारं ‘फ्रॉम स्ट्रिंग’ फंक्शन चुकीच्या ओळीवर तक्रारच करत नाही. न कळलेला शब्द ते गुपचूप फॅमिलीच्या नावात ढकलतं. ‘सॅन्स ब्लोड १२’ लिहा, ‘सॅन्स ब्लोड’ नावाची फॅमिली तयार! म्हणून तपासणी आपल्यालाच करावी लागते.

आधी ओळ धुऊन घ्या. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असू शकते, ती पार्सरला (ओळ वाचून अर्थ लावणाऱ्या कोडाला) स्पेस वाटतच नाही. तिच्या जागी साधी स्पेस घाला. आपल्याकडचा खास घोळ अंकांचा: मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला देवनागरी १२ पँगोला आकडा वाटत नाही, तोही फॅमिलीत जातो. पार्स करण्याआधीच ते अंक इंग्रजी करा.

मग स्वल्पविराम. पार्सर शेवटाकडून मागे वाचत येतो आणि ‘रोमन’ हा त्याच्या लेखी शैलीचा शब्द आहे. त्यामुळे ‘टाइम्स न्यू रोमन १२’ची फॅमिली उरते नुसती ‘टाइम्स न्यू’. ‘एरियल ब्लॅक’चंही तेच, ब्लॅक म्हणजे त्याच्या दृष्टीने जाडी. उपाय एका चिन्हाचा: ‘टाइम्स न्यू रोमन, १२’. फॅमिली आणि साइज वेगवेगळ्या रकान्यांतून येत असतील तर जोडताना स्वल्पविराम डोळे झाकून घाला. तिथे गरज नसताना पडला तरी बिघडत नाही.

आता पार्स करा आणि ‘गेट सेट फील्ड्स’ला विचारा, नेमकं काय काय ठरलं. नुसती साइज शून्य आहे का हे बघू नका, त्याने दिलेला मास्कच (काय काय ठरलं त्याच्या खुणा) बघा. साइज आली असेल तर मर्यादा लावा. मी ६ ते ७२ पॉइंट ठेवतो. पँगोच्या आत साइजचा आकडा १०२४ पटीत असतो, म्हणजे १२ पॉइंटचे १२२८८. आणि मागे ‘पीएक्स’ असेल तर ते पिक्सेल, पॉइंट नव्हेत. दोन्हींना एकच मर्यादा लावू नका.

फॅमिली खरंच मशीनवर आहे का, हे फॉन्टमॅपच्या (पँगोला मिळू शकणाऱ्या फॉन्टच्या) यादीत शोधा. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सोडून जुळवा आणि सापडली की यादीतलंच स्पेलिंग उचला, नाहीतर एकच फॉन्ट दोन नावांनी साठतो. सापडली नाही तर वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा. पँगो दुसराच फॉन्ट लावून मोकळा होतो आणि देवनागरी मजकुरात ते पटकन लक्षातही येत नाही. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ चालवलं की फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी) त्या नावाला कोणता फॉन्ट देतो ते दिसतं.

न दिलेली साइज ‘मर्ज’ने ॲपच्या डीफॉल्ट वर्णनातून भरा, मग ‘टू स्ट्रिंग’ने ओळ परत लिहून घ्या आणि तीच साठवा. ‘सेमी-बोल्ड’ काय, ‘सेमीबोल्ड’ काय, दोन्ही इथे एकच होतात आणि गरज तिथे स्वल्पविरामही आपोआप येतो.

टेस्टमध्ये ही साठवलेली ओळ पुन्हा पार्स करून पुन्हा लिहा. एका अक्षराचाही फरक पडता कामा नये. नमुन्यांत टाइम्स न्यू रोमन, एरियल ब्लॅक, रिकामी ओळ आणि नुसतं ‘१२’ ठेवा. बालू २ तर हवाच.