वही-पेन्सिल घेऊन एक जनुक वाचून बघा

गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. खोडरबर विसरू नका, पुढे एक अक्षर खोडायचं आहे.

१. एका चौकटीत एक, अशी ही २१ अक्षरं लिहा:

ए टी जी जी टी जी सी ए टी सी टी जी ए सी टी सी सी टी जी ए जी

आपल्या ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची ही सुरुवात. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन; त्याचा बीटा भाग या जनुकावरून घडतो. डीएनएची बाराखडी एवढीच, चार अक्षरांची.

२. खालच्या ओळीत जोडीदार लिहा. ए-टी एकमेकांचे, जी-सी एकमेकांचे. झाले डीएनएचे दोन धागे.

३. खालच्या धाग्यावरून त्याच रीतीने आरएनए उतरवा, फक्त ‘ए’समोर टीऐवजी यू लिहा. पहिल्या ओळीत टीच्या जागी यू घातल्यासारखीच ओळ मिळेल. सातबाऱ्याचं मूळ दप्तर जागेवर राहतं आणि आपण उतारा घेऊन हिंडतो, तसंच इथे: डीएनए पेशीकेंद्रात राहतो आणि आरएनए बाहेर रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडे जातो.

४. आता दर तीन अक्षरांनंतर उभी रेघ मारा. एक त्रिकूट म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या माळेतला एक मणी.

एयूजी – मेथिओनिन (वाचन इथून सुरू)
जीयूजी – व्हॅलिन
सीएयू – हिस्टिडिन
सीयूजी – ल्युसिन
एसीयू – थ्रिओनिन
सीसीयू – प्रोलिन
जीएजी – ग्लुटामिक आम्ल

एकूण त्रिकुटं ६४. त्यांतली ३ फक्त ‘थांबा’ सांगतात, यूजीए हे त्यांपैकी एक. गंमत म्हणून चौथं अक्षर गाळून पुन्हा रेघा मारा: एयूजी, यूजीसी, एयूसी, यूजीए. चौथ्याच त्रिकुटावर गाडी थांबली! पाठांतरापेक्षा हा खेळ जास्त शिकवतो, असं माझं मत.

५. गाळलेलं अक्षर परत लिहा. आता पहिल्या ओळीतलं विसावं अक्षर, ए, खोडून तिथे टी लिहा. जीएजीचं जीटीजी झालं (आरएनएत जीयूजी), म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं. हाच सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापलं जातं, म्हणून पुस्तकांत हा बदल ‘सहाव्या’ जागी सापडतो.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाणी टाळतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे लांबतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली-नंदुरबारकडच्या वाचकांना हा आजार नव्याने सांगायला नको. जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एकच बदललेली असेल तर माणूस वाहक, आणि बहुधा त्याला त्रास नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासून घ्या म्हणतात.

तुम्ही खोडलेलं अक्षर प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिन विजेच्या ओढीने सरकवतात. ऋणभार कमी झालेलं सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे जाताना मागे पडतं. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात, एक पुढे, एक मागे.