गेट गंडली, आता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अभ्यास कसा लावायचा (कोकणात घरी बसून)

गेटचा (एमटेकला जाण्यासाठी इंजिनिअर देतात ती परीक्षा) रिझल्ट मार्चमध्ये लागतो आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच शिमग्याची गडबड असते. पालखी घरोघर फिरतेय, मुंबईची मंडळी गावात आलीयत आणि ज्याला त्याला "काय रे झिला, रिझल्टाचा काय झाला" विचारायचं असतं. "परत देतोय" एवढंच सांगा आणि नारळाची वाटी पुढे करा, विषय संपतो.

पण खरंच परत द्यायची का, हे आधी ठरवा. क्वालिफाय झाला असाल तर स्कोअर ३ वर्षं चालतो, त्यामुळे एनआयटींच्या एमटेकसाठी सीसीएमटीचं काउन्सेलिंग असतं ते भरून टाकाच, आयआयटींना वेगळा अर्ज लागतो तोही बघा. कमी स्कोअरवर पण कधीकधी आपल्या ब्रँचमध्ये फारसं कोणी न मागणारं पण चांगलं स्पेशलायझेशन मिळून जातं. मिळालं आणि आवडलं तर परत वर्ष घालवायची गरज काय? "आयआयटीच पायजे" हा हट्ट कधीकधी आपला नसतो, शेजारच्याचा असतो.

परत द्यायचीच ठरलं तर पहिले काही दिवस एक रुपया पण खर्च करू नका. रिझल्टनंतर मोबाईलवर कोचिंगच्या जाहिरातींचा पाऊस पडतो, "नवी बॅच, पहिल्यापासून सगळं", आणि मन खचलेलं असताना पहिल्यापासून सगळं ऐकायला लय बरं वाटतं. पण तिथेच वर्ष वाया जातं. जे तुम्हाला येतं ते परत तीन महिने बघत बसता, सोपं वाटतं, खूश होता, आणि जे येत नाही तिथे पोचेपर्यंत दिवाळी उजाडते.

त्याऐवजी तुमची रिस्पॉन्स शीट, म्हणजे पेपरात तुम्ही दिलेली उत्तरं, काढा. गेटच्या पोर्टलवर लॉगिन करून मिळते, पण कायम राहत नाही, म्हणून पीडीएफ करून ठेवून द्या. सोबत मास्टर क्वेश्चन पेपर आणि फायनल आन्सर की. बाजारातून मोठी वही आणा आणि ६५ च्या ६५ प्रश्न परत सोडवायला बसा, आधी आन्सर की न बघता. हो, बरोबर आलेले पण. दोन-तीन संध्याकाळी जातील, जाऊ देत.

मग प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिहा. "न" म्हणजे विषयच येत नव्हता. "ग" म्हणजे येत होता पण गणितात किंवा युनिटमध्ये घोळ. "व" म्हणजे वेळच पुरला नाही, आता घरी बसून सुटतोय. "ठ" म्हणजे अंदाजाने ठोकलेला, आणि ठोकून बरोबर आलेला असेल तरी "ठ"च लिहायचा, उगाच स्वतःला फसवायचं नाही.

हे करताना काय दिसतं ते एका उदाहरणात सांगतो. समजा मेकॅनिकलला कार्नो इंजिनचा प्रश्न आहे, वरचं तापमान ३२७ अंश सेल्सिअस, खालचं २७, एफिशियन्सी काढा. घाईत १ वजा २७/३२७ केलं तर ०.९२ च्या आसपास येतं, केल्विन करून १ वजा ३००/६०० केलं तर सरळ ०.५. शीटवर ०.९२ दिसलं की बरेच जण म्हणतात "थर्मो कच्चं आहे" आणि थर्मोची ४० लेक्चर परत लावतात. थर्मो कच्चं नाहीये हो! युनिट लिहायची सवय नाहीये, त्याला लेक्चर नाही, रोज पंधरा मिनिटं न्युमरिकल लागतात, प्रत्येक ओळीत युनिट लिहून. मराठी मीडियमवाले, इंग्लिश मीडियमवाले, सगळेच यात सापडतात.

आता बेरीज करा. कुठल्या अक्षरापायी किती मार्क गेले? आणि निगेटिव्ह वेगळं काढा, कारण ते दोनदा चावतं. २ मार्कांचे १० एमसीक्यू (एकच पर्याय बरोबर असलेले प्रश्न) चुकले तर २० मार्क मिळाले नाहीत ते नाहीतच, वर आणखी ६.६७ कापले गेले. एमसीक्यूला १ मार्काला १/३ आणि २ मार्काला २/३ जातात, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात त्या एमएसक्यूला आणि आकडा टाईप करायच्या एनएटीला काहीच जात नाही (एमएसक्यूला मात्र सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क, अर्धे वगैरे नाहीत). चार पर्यायांत डोळे मिटून ठोकत राहिलात तर हिशोब शून्यावर येतो: चारात एक बरोबर त्याचा १, तीन चुकीचे त्यांचा मिळून वजा १. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळत असेल तर ठोकणं फायद्याचं होतं. हा नियम मनात पक्का बसला की "ठ" आपोआप कमी होतात.

यानंतर विषय निवडा. सगळे नाही. "न" जास्त असलेले दोन-तीन जड विषय घ्या, आणि जनरल ॲप्टिट्यूड १५ मार्क अधिक इंजिनिअरिंग मॅथ्स बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत १३ मार्क, असे २८ मार्क आधी पक्के करा. ॲप्टिट्यूडला आपली पोरं "ते काय, होईल" म्हणतात आणि इंग्रजी पॅसेजवर मार्क सांडतात. रोज एक इंग्रजी बातमी वाचायची, मोबाईलवरच, बस. एखादा विषय कायमचा सोडून द्यायचा असेल तर आत्ताच सोडा, जानेवारीत रडत सोडण्यापेक्षा बरा. लेक्चर लागलीच तर एनपीटेलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाईन लेक्चर) फुकट आहेत, जुने पेपर पण फुकट मिळतात. पैसे घालायचेच असतील तर टेस्ट सिरीजवर घाला.

वेळापत्रक मात्र दिल्लीवाल्यांचं उचलू नका, त्यांना आंबा नसतो. एप्रिल-मेमध्ये घरात बाग असेल तर पेट्या भरायच्या, काजू बी वेचायची, वर लग्नं, तेव्हा रोज दीड-दोन तासांच्या वर काही होत नाही, मग मॅथ्स आणि ॲप्टिट्यूड तेव्हाच ठेवा, तुकड्यातुकड्यात होणारं काम आहे ते. खरा अभ्यास पावसात. लावणीचे दिवस सोडले तर बाहेर जायचं नाव नसतं, जड विषय जून ते ऑगस्ट. पण लाईट जाते आणि रेंजचा भरवसा नाही, म्हणून लेक्चर आधीच डाऊनलोड करा आणि जुने पेपर तालुक्याला जाऊन प्रिंट मारून आणा, कागदाला चार्जिंग लागत नाही. लोट्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या एमआयडीसीत शिफ्टला असाल तर नाईटच्या आठवड्यात फक्त रिव्हिजन, नवीन काही नाही, डोकं चालत नाही हे मान्य करा.

गणपतीत अभ्यास लावूच नका. घरात वीस माणसं, आरत्या, भजनं, तुम्ही पुस्तक घेऊन माडीवर बसलात तर अभ्यासही होत नाही आणि आजीचं बोलणं खावं लागतं ते वेगळंच. साधारण त्याच सुमारास गेटचे फॉर्म सुरू होतात, तेवढा फोटो, सही, कॅटेगरी सर्टिफिकेट तयार ठेवा आणि लेट फीची वाट न बघता भरून टाका.

भातकापणी झाली की विषयवार टेस्ट, आणि डिसेंबरपासून पूर्ण ३ तासांचे मॉक, म्हणजे सरावाचे पेपर. मॉक द्यायचे खऱ्या वेळेला, सकाळी ९.३० किंवा दुपारी २.३०, लॅपटॉपवर, मोबाईलवर नाही. गेटमध्ये आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचा माऊसने दाबावा लागतो, त्यात डिग्री-रेडियनचं बटण असतं आणि ते चुकीचं राहिलं तर साइनचं उत्तर काहीच्या काही येतं. म्हणून घरी पण कॅसिओ कपाटात टाका. प्रत्येक मॉकनंतर परत तीच न-ग-व-ठ अक्षरं. मॉकचा स्कोअर ग्रुपवर टाकायचा नाही, अक्षरांची बेरीज वहीत लिहायची. "ठ" आणि "ग" घटत असतील तर अभ्यास बरोबर चाललाय, स्कोअर अजून हलला नसला तरी. जानेवारीत दशावतार आणि क्रिकेटच्या टुर्नामेंट दोन्ही असतात, एखादी रात्र जा, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा मॉक असेल तर नको.

आणि सेंटर घाटावर आलं तर सकाळच्या शिफ्टला पहाटेची एसटी पकडून जायचा प्लॅन करू नका, आंबा घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. आदल्या दुपारीच पोचा, सेंटर बघून या आणि रात्री कोणा नातेवाईकाकडे झोपा.