नवतपा लागायच्या आधी सैपाकघरात काय काय करून ठेवायचं

२५ मेच्या आसपास नवतपा लागते आणि मग नऊ दिवस आपल्याकडे विदर्भात काय हाल होते ते सांगायला नको, पारा ४५-४६ वर, लाईन कधी जाईल नेम नाही, आणि आमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदाच. म्हणजे रविवारी आणलेली भाजी पुढच्या रविवारपर्यंत पुरवा लागते. मागच्या वर्षी मी दोन पिशव्या भरून भाजी आणली, सगळी प्लास्टिकच्या पन्नीसकट फ्रीजमध्ये कोंबली, त्याच रात्री लाईन गेली ते दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोपर्यंत सांभाराचा (म्हणजे कोथिंबिरीचा) काळा चिखल झाला होता आणि पालकाचा वास घरभर. तेव्हापासून मी भाजी टिकवायच्या मागे कमी लागते, कोणती आधी संपवायची ते आधी ठरवते.

तर बाजाराला जायच्या आधीच डोक्यात ओळ लावून घ्यायची. पहिल्या दोन दिवसांत पालक, चवळीची भाजी, चुका असा पाला, नंतर भेंडी आणि बरबटी (चवळीच्या शेंगा), मग ढेमसं, दोडके, वांगी, आणि शेवटी लवकी (दुधी भोपळा), कोहळं (लाल भोपळा), आलू. कोहळं अख्खं असलं तर महिनाभरही काही होत नाही, पण चिरलेली फाक आणली तर दोन-तीन दिवसांत संपवा, आणि आणल्याबरोबर बिया आणि आतला गर काढून टाका, सडायला सुरुवात तिथूनच होते. लवकी चिरताना एक तुकडा जिभेला लावून पाहा, काकडीचाही. कडू निघाली तर गूळ घालून, मीठ घालून काही करू नका, सरळ फेका, कडू लवकीनं माणूस दवाखान्यात जाते, आणि उन्हात तापलेल्या, पाणी कमी पडलेल्या वेलाची लवकी कडू निघायचा संभव जास्त.

घरी आल्यावर पिशवी तशीच ठेवून खाटेवर पडायचं नाही (मोह होते, मला माहीत आहे). पन्नीची गाठ आधी सोडा, भाजी पंख्याखाली पसरवा, पिवळी पानं, चेंदलेली भेंडी, फुटलेला टमाटर बाजूला काढून तेच रात्रीच्या सैपाकात घ्या. धुवायचं मात्र नाही. धुतलेला पाला ओला राहते आणि ओलं तेच सडते, धुवायचं ते चिरायच्या आधी. सांभाराच्या मुळ्या कापू नका, ग्लासात दोन बोटं पाणी घेऊन त्यात जुडी उभी करा, वरून ओलसर फडकं टाका, पाणी रोज बदला. हिरव्या मिरचीचे देठ काढून कोरड्या डब्यात कागद टाकून ठेवा. अद्रक ओलसर रेतीत दाबली की छान राहते, आमच्या आजीची पद्धत आहे ती.

आता मुख्य तयारी, डबल माठ. एक मोठा मातीचा माठ, त्यात मावेल असा लहान, मधल्या फटीत रेती, आणि रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी. लहान माठात भाजी, वरून ओलं पोतं. सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवा, कोंदट खोलीत ठेवून म्हणाल की थंड होत नाही तर होणारच नाही. आपला कुलर ज्या कारणानं थंड हवा देते तेच कारण इथं, हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात हा माठ भारी चालते. दिल्लीच्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर विटा आणि रेतीचा हौद बनवला आहे, त्याला वीज लागतच नाही. वांगी, ढेमसं, काकडी, भेंडी यांना तसंही फ्रीजची कडक थंडी सोसत नाही, डाग पडतात, त्यांच्यासाठी हा माठच बरा. दूध आणि शिजवलेलं अन्न मात्र यात ठेवू नका, तेवढा थंड तो होत नाही.

कांदे आणि आलू वेगवेगळ्या टोपल्यांत, जवळजवळ ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. आलू अंधारात ठेवा, हिरवा झाला की कडवट लागते आणि खायचाही नसते. केळी आणि पिकलेले आंबे भाजीपासून दूर, त्यांच्यामुळे शेजारचा पाला पिवळा पडते.

फ्रीज असेल तर फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या बर्फ करून ठेवा. लाईन गेली की दार उघडायचं नाही, बंद फ्रीज चारेक तास दम धरते, लेकरांनी दर दहा मिनिटांनी उघडून पाहिला तर तेवढाही नाही.

सैपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा आणि एका वेळचाच करायचा. ओलं वाटण करून ठेवू नका, आंबते. कांदा-खोबरं-खसखस कोरडं भाजून दळून ठेवा, रस्सा दहा मिनिटांत होते. जवसाची चटणी आणि फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी एकेक बरणी. कैरीचा टक्कू (झटपट लोणचं) दोन दिवसांपुरताच करा. बेसन जास्तीचं आणून ठेवा, कारण शनिवारी घरात भाजीचं पान नसते तेव्हा बेसन-भाकर किंवा गोळाभात (बेसनाचे गोळे घातलेला भात) यांच्याशिवाय कोणी वाली नाही. मुंगवड्या आणि हिवाळ्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी असेल तर तुम्ही श्रीमंत, नसेल तर शेजारच्या काकूंना आतापासून गोड बोला.

उरलेल्या भाताचं एक. रात्रीचा भात गंजात तसाच झाकून सकाळी फोडणी द्यायची सवय सगळ्यांना आहे, मलाही होती. पण या गर्मीत तासाभराच्या वर बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते फोडणीनंही मरत नाही. पसरट ताटात गार करून लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर मोजूनच तांदूळ लावा. मी आता मोजूनच लावते, कमी पडला तर भाकर आहेच.

दही रात्री लावा आणि विरजण नेहमीच्या अर्ध्याहून कमी करा, दिवसा लावलं तर दुपारपर्यंत आंबट ढाण.

आणि मिरगाचा पाऊस सुरू झाला की डबल माठ रिकामा करून उन्हात वाळवून ठेवून द्या, हवेत ओल आली की पाणी उडत नाही, माठ थंड होत नाही आणि आत भाजीला बुरशी येते. रेती फेकू नका, पुढच्या वर्षी धुऊन तीच चालते.