कॅमलमधून जावा मेथडला मेसेज कसा द्यायचा

समजा चवथीच्या आधी म्हापसा आणि फोंड्यातून माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) सामानाच्या ऑर्डरी फायलींनी येतायत, नारळ, सुपारी, केळ्यांचे घड, आणि अपाची कॅमलच्या (एका सिस्टिमकडून दुसरीकडे मेसेज पोचवणारी जावा लायब्ररी) रूटमधून, म्हणजे मेसेजच्या ठरवलेल्या वाटेवरून, त्या आपल्या जावा क्लासकडे न्यायच्यात. बरेच जण अख्खा एक्स्चेंजच, म्हणजे मेसेज आणि त्याच्यासोबतचं सगळं असलेला कॅमलचा डबा, मेथडला देऊन मोकळे होतात. चालतं ते, पण मग दोन ओळींच्या हिशोबाची टेस्ट लिहायलाही आधी एक्स्चेंज तयार करत बसावं लागतं, म्हणून मेथडला लागेल तेवढंच द्या.

आधी साधा क्लास लिहा, कुठलाही इंटरफेस लागत नाही. रूटमधे बीन (कॅमलने बोलवायचा साधा जावा ऑब्जेक्ट) म्हणून तो क्लास आणि मेथडचं नाव द्या. नाव द्याच, कारण क्लासमधे सारख्या दिसणाऱ्या दोन मेथडी असल्या की कुठली घ्यायची ते कॅमलला ठरवता येत नाही आणि अ‍ॅम्बिग्युअस मेथड कॉलचं एक्सेप्शन येतं. नाव द्यायचं नसेल तर हव्या त्या मेथडवर हँडलर अ‍ॅनोटेशन लावा.

मग पॅरामीटर. पहिल्यावर काही लिहिलं नाही तर कॅमल तिथे बॉडी, म्हणजे मेसेजमधला मुख्य ऐवज, घालतो. फाईलमधून आलेली बॉडी खरं तर कॅमलच्या स्वतःच्या फाईल ऑब्जेक्टमधे असते, पण पॅरामीटर स्ट्रिंग ठेवला की टाईप कन्व्हर्टर तिची स्ट्रिंग करून देतो. आपला ऑर्डर क्लास हवा असेल तर आधी रूटमधे अनमार्शल करा, म्हणजे मजकुराचा ऑब्जेक्ट बनवून घ्या. दुसऱ्या पॅरामीटरपासून पुढे मात्र आपणच सांगायचं, फाईलचं नाव हेडरमधे, म्हणजे मेसेजसोबतच्या जादा माहितीत, असतं, ते हवं तर हेडर अ‍ॅनोटेशन लावून कॅमलफाईलनेम, रूटमधे आधी ठेवलेली गोष्ट हवी तर एक्स्चेंज प्रॉपर्टी. क्लासमधे कॅमलचं एकही इम्पोर्ट नको असेल तर रूटमधेच मेथडच्या नावापुढे कंसात सिंपल या कॅमलच्या छोट्या भाषेत बॉडी आणि हेडर लिहिता येतात, मला हीच पद्धत जास्त आवडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मेथड जे परत करते ते नवी बॉडी होतं! आमच्याकडे ऑर्डर तपासणारी मेथड बूलियन परत करत होती, तर पुढच्या क्यूत ऑर्डरीच्या जागी नुसतं ट्रू जाऊन पडलं आणि अर्धा दिवस आम्ही क्यूलाच दोष देत बसलो. नुसती तपासणी असेल तर व्हॉइड ठेवा, बॉडी आहे तशी राहते, आणि ऑर्डर चुकली असेल तर एक्सेप्शन टाका.

एक्स्चेंज खरोखर लागतो तो बरेच हेडर एकदम बदलायचे असतात तेव्हा. तिथे एक्स्चेंजचं गेटमेसेज वापरा. जुन्या कोडमधलं गेटआऊट नवा रिकामा मेसेज बनवतं, त्यात आधीचे हेडर येत नाहीत, आणि कॅमल 3 पासून ते डेप्रिकेटेडच (आता वापरू नका असा शिक्का बसलेलं) आहे.