ग्राहकसेवा सुधारायची असेल, तर आधी काउंटरच्या आत पाहा

नागरी सहकारी बँकेच्या शाखेत ग्राहकसेवा सुधारण्याचा विषय निघाला, की बहुतेक ठिकाणी सुरुवात बाहेरून होते. नवा फलक लागतो, टोकनचे यंत्र येते, ग्राहकाला देव म्हणणारे वाक्य चौकटीत बसवून भिंतीवर टांगले जाते आणि कर्मचाऱ्यांसाठी एका दिवसाचे शिबिर भरते. शाखाधिकारी म्हणून हे सारे मी केले आहे आणि त्यातले काही उपयोगाचेही असते. परंतु संस्था काउंटरच्या आतल्या माणसाला जशी वागवते, तसाच तो बाहेरच्या माणसाशी वागतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यातले काहीही टिकत नाही. पुढील मार्गदर्शन शाखाधिकाऱ्यांसाठी आणि संचालकांसाठी आहे. तालुक्याच्या गावातील दहा-पंधरा कर्मचाऱ्यांची शाखा डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले असले, तरी पतसंस्थेला किंवा मोठ्या दुकानालाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

पहिले आठ दिवस काहीही बदलू नये, केवळ पाहावे. रोज तासभर केबिनमधून उठून ग्राहकांच्या बाकावर बसावे आणि शक्यतो त्यासाठी महिन्याचा पहिला आठवडा निवडावा, कारण निवृत्तिवेतन जमा झाल्यामुळे त्या दिवसांत शाखेची खरी परीक्षा होते. कर्मचाऱ्याचा हात कोठे थांबतो, तो कोणाकडे पाहतो, कोणत्या प्रश्नाला "साहेबांना विचारा" असे उत्तर देतो, हे टिपून ठेवावे. अशा प्रत्येक थांबण्यामागे काही कारण असते आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते कारण आळस नसून भीती असते.

माझ्या एका शाखेत रोख काउंटरची रांग दारापर्यंत जात असे. रोखपाल बाई कामाला चोख होत्या, पण यंत्रातून गड्डी दोनदा काढल्यावरही ती पुन्हा हाताने मोजत. पाचशेच्या दहा नोटा द्यायच्या असल्या तरी ओल्या स्पंजला बोट लावून त्या तीनदा मोजत आणि मग काचेखालून पुढे सरकवत. ग्राहक कुरकुरत असत आणि वार्षिक अहवालात "कामाचा वेग कमी" असा शेरा पडत असे. एके दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना शांतपणे विचारले, तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वी दिवसअखेर साडेचार हजार रुपयांची शॉर्ट आली होती, म्हणजे हिशेबापेक्षा रोकड तेवढी कमी भरली होती. ती रक्कम त्यांच्या पगारातून कापून घेतली गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे, "पर्समध्ये नीट पाहा," असे त्यांना सर्वांसमोर ऐकवले गेले. त्या दिवसापासून प्रत्येक नोट त्या स्वतःच्या बचावासाठी मोजत होत्या, आणि त्या अपमानाची किंमत बाहेर उभे असलेले ग्राहक आपल्या वेळाने चुकती करत होते.

म्हणून शाखेत पहिला लेखी नियम रोकड न जुळण्याविषयी करावा. शॉर्ट आली की ती त्याच दिवशी नोंदवहीत लिहावी, शाखाधिकाऱ्याने स्वतः बसून व्हाउचर आणि नोटांचा तपशील ताडून पाहावा, कॅमेऱ्याचे चित्रण तपासावे आणि मोठी रक्कम घेऊन गेलेल्या ग्राहकांना नम्रपणे फोन करावा. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी वसुलीचा शब्द काढू नये. प्रामाणिक चूक, निष्काळजीपणा आणि अफरातफर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना मिळणारी वागणूकही वेगळीच असली पाहिजे. प्रामाणिक चुकीचा भार ठरावीक मर्यादेपर्यंत बँकेने उचलावा, असा ठराव संचालक मंडळाकडून करून घ्यावा. रोखपालाला एकटे सोडून इतरांनी घरी जाण्याची प्रथा असेल, तर ती मोडावी. आम्ही रोकड जुळेपर्यंत कोणी ना कोणी शेजारी बसायचे, एवढेच ठरवले होते. काही महिन्यांत त्या बाई एकदा यंत्राने आणि एकदा हाताने मोजून पैसे देऊ लागल्या, आणि रांग दाराच्या आत आली.

चुकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या संघांत चुकांच्या नोंदी अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्याचे कारण असे, की त्या संघांत चूक सांगण्याची भीती नव्हती. बँकेतही हेच घडते. दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम त्याच दुपारी सांगितली गेली, तर दहा मिनिटांत उलट नोंद होते. तीच चूक लपवली गेली, तर महिन्याभराने ग्राहक पासबुक घेऊन तावातावाने समोर उभा राहतो. कर्मचारी चूक सांगायला येतो, तेव्हा साहेबांच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य फार महत्त्वाचे ठरते. "हे केले कोणी?" असा प्रश्न आला, तर पुढची चूक कानावर येणार नाही. "ग्राहकाला कळवले का, आणि आता काय करायचे?" असे विचारावे. दोष कोणाचा, हे नंतर बंद दाराआड पाहता येते.

यानंतर अधिकारांकडे वळावे. रिट्झ-कार्लटन या हॉटेल समूहात पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता 2,000 डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा असल्याचे प्रसिद्ध आहे. आपल्या शाखेला एवढ्या रकमेची गरज नाही. परंतु पासबुक भिजलेल्या आजींकडून दुसऱ्या पासबुकाचे शुल्क घ्यायचे की नाही, आमच्याच चुकीने लागलेला दंड परत करायचा की नाही, बंद होण्याच्या पाच मिनिटे आधी आलेल्या माणसाचे पैसे भरून घ्यायचे की नाही, एवढे तरी काउंटरवरच्या माणसाला ठरवता आले पाहिजे. कोणत्या बाबीत किती रकमेपर्यंत, हे एका पानावर लिहून, सही करून प्रत्येकाला द्यावे. तोंडी दिलेला अधिकार कर्मचारी वापरत नाही, कारण उद्या साहेब बदलले तर काय, ही शंका त्याच्या मनात राहते. आणि अधिकार वापरल्यावर निर्णय आपल्याला थोडा चुकीचा वाटला, तरी ग्राहकासमोर तो फिरवू नये.

माहिती आधी आत पोहोचावी, मग बाहेर. नोटाबंदीच्या दिवसांत हा धडा आम्ही फार कष्टाने शिकलो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी रात्री घोषणा झाली, 10 तारखेला बँका उघडल्या आणि नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी 4,000, मग 4,500 आणि पुढे 2,000 रुपये, अशी पंधरवड्याच्या आतच दोनदा बदलली. बदललेला नियम ग्राहकाला मोबाइलवर कळलेला आणि काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नाही, असे झाले की तो मुलगा रांगेसमोर अपमानित होत असे. तेव्हापासून आम्ही शाखा उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी उभ्याने जमण्याची प्रथा पाडली. नवे परिपत्रक त्यात सोप्या मराठीत सांगितले जाई, आणि शिपाई व दारावरचा सुरक्षारक्षकही तेथे हजर असे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदारांना केवळ 1,000 रुपये काढता येत होते, तेव्हा घाबरलेल्या ठेवीदारांनी पहिला प्रश्न दारावरच विचारला होता. ठेव विम्याचे संरक्षण तेव्हा एक लाखापर्यंत होते आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून ते पाच लाख झाले; अशी माहिती दारावरच्या माणसाला नीट सांगता येते, तेव्हा निम्मी घबराट तेथेच ओसरते.

सहकारी बँकेत एक विषय अवघड असला तरी टाळता येत नाही, तो म्हणजे संचालकांचा फोन. "आमचा माणूस पाठवतोय, जरा बघा," असा निरोप येतो, त्या माणसाला रांग सोडून आत बोलावले जाते आणि सकाळपासून उभे असलेले सभासद ते मुकाट्याने पाहत राहतात. नियमाला धरून नकार देणाऱ्या लिपिकालाच उलट बोलणी बसली, तर रांगेचा नियम आपल्यासाठी नाही, हे सर्व कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी कळते. यावर उपाय एकच आहे: असा फोन फक्त शाखाधिकाऱ्याने घ्यावा, नकारही त्यानेच द्यावा आणि ज्येष्ठ नागरिक, अपंग व्यक्ती व आजारी माणसे यांच्यासाठीची सवलत मात्र सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहून लावावी. ग्राहक अंगावर धावून आला किंवा शिवीगाळ करू लागला, तर शाखाधिकाऱ्याने उठून काउंटरपाशी यावे, संभाषण स्वतःकडे घ्यावे आणि कर्मचाऱ्याला पाणी पिऊन येण्यास सांगावे. दिवसभर हसतमुख राहणे हेसुद्धा श्रमच आहेत. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमान परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये त्याला भावनिक श्रम असे नाव दिले. श्रम म्हटले की विसावा आलाच, म्हणून गर्दीच्या दिवशी दर दोन तासांनी काउंटर बदलून द्यावे आणि जेवणाची सुट्टी आळीपाळीने, पण पूर्ण द्यावी.

उद्दिष्टांचा विचार मात्र मुख्य कार्यालयातच व्हायला हवा. दर महिन्याला विमा पॉलिसींचा आकडा मागितला जातो, तेव्हा मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव ठेवायला आलेल्या माणसाला पाच वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी गळ्यात मारली जाते. ती देणारा कर्मचारीही रात्री स्वस्थ झोपत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पॉलिसींच्या संख्येबरोबर वर्षभरात मोडलेल्या पॉलिसी आणि आलेल्या तक्रारी यांचाही हिशेब एकाच तक्त्यात मांडावा, म्हणजे आकड्यामागचे चित्र संचालकांना दिसेल.

संस्था आतल्या माणसाला कशी वागवते, यातच लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचा विषयही येतो. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असावीत, एवढी ती जिवंत असावी.

पिग्मी एजंटला आपण सहसा कर्मचारी मानत नाही, आणि ही मोठी चूक आहे. रोज भाजीवाल्यापासून सलूनपर्यंत फिरून पैसे गोळा करणारा हा माणूसच गावासाठी बँकेचा चेहरा असतो. त्याला महिन्यातून एकदा तरी शाखेच्या बैठकीत मानाने बसवावे, बाजारात लोक काय बोलतात ते त्याच्याकडून ऐकावे आणि त्याने सांगितलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे त्याला आठवड्याच्या आत कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत ग्राहकाला बँकेकडून तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास लोकपालाकडे तक्रार नेता येते. पिग्मी एजंटचे ऐकणाऱ्या शाखेत गोष्ट क्वचितच तेथवर जाते.

हे सर्व सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत चुकांची नोंदवही भराभर भरेल, कारण आजवर झाकलेल्या गोष्टी वर येऊ लागतील. तो आकडा पाहून मुख्य कार्यालयातून विचारणा येण्यापूर्वीच, असे होणार आहे आणि का होणार आहे, हे शाखाधिकाऱ्याने लेखी कळवून ठेवावे. त्या पत्राची एक प्रत कर्मचाऱ्यांना वाचायला द्यावी.