मासा मोठा नको, लहान घ्या
तळ्यातला किंवा धरणातला मासा खायचा असेल, तर लहान आणि शाकाहारी जातीचा निवडा. तळाच्या गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात साठत जाणाऱ्या त्याच्या विषारी रूपात, रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, तिथून छोट्या माशांत चढत जातो आणि इतर मासे खाऊन म्हाताऱ्या झालेल्या शिकारी माशांत सर्वाधिक साठतो. चरबी काढली, उकडलं, तळलं तरी तो जात नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. पाणी नितळ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. नव्या धरणात पहिली काही वर्षं जास्त जपा; बुडालेली झाडंझुडपं कुजताना पाऱ्याचं हे रूपांतर वेगाने चालतं. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर मोठा शिकारी मासा टाळाच.